चव पाहुण्याची, धूर कुणाचा?

मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरीजवळच्या एका होमस्टेमध्ये दोन दिवस राहण्याचा योग आला. घरामागच्या परसात, माडांच्या रांगेलगत एक काळा ड्रम उभा होता. दोनशे लिटरचे लोखंडी पिंप, खाली हवेसाठी झडपा, आत निखाऱ्यांची जाळीदार टोपली, वर घट्ट बसणारे झाकण आणि झाकणावर तापमान दाखवणारा काटा. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना आता नुसती माशांची थाळी पुरत नाही, संध्याकाळी ‘बार्बेक्यू’ही हवा असतो. म्हणून हा स्मोकर. मालकांकडे गेल्या हंगामातही असाच एक ड्रम होता. तो काढून त्यांनी एका वर्कशॉपमधून हा सुधारित ड्रम करून घेतला होता. मी आरोग्यावर लिहितो हे कळल्यावर त्यांनी सरळच विचारले, “आता तुम्हीच सांगा, हा पहिल्यापेक्षा बरा की कसा?”

त्यांनी पुढे केलेला कोंबडीचा तुकडा मी खाल्ला. चव उत्तम होती. पण चवीवरून स्मोकरची परीक्षा होत नाही. म्हणून खुर्ची ओढून मी तीन तास तिथेच बसलो. मला जे दिसले ते होमस्टे चालवणाऱ्या, घरच्या परसात असा ड्रम ठेवणाऱ्या आणि त्यातले खाणाऱ्या सगळ्यांच्याच उपयोगाचे आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. जाळीवर भाजणे आणि धुरावर शिजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजताना पदार्थ मोठ्या आचेवर काही मिनिटे असतो. स्मोकरमध्ये झाकण बंद करून साधारण ११० ते १४० अंश सेल्सिअसला तो तासन् तास राहतो. उष्णता कोळसा देतो, वास लाकडाचे दोन-चार तुकडे देतात. आच कमी-जास्त करायची ती हवा कमी-जास्त करून. ड्रमची लोकप्रियता याच साधेपणामुळे आहे. कुणीही वेल्डर एका दिवसात तो करून देऊ शकतो.

मालकांच्या जुन्या ड्रममध्ये मांस थेट निखाऱ्यांच्या वर टांगलेले असे. चरबी वितळून निखाऱ्यांवर ठिबके, चर्रकन धूर उठे आणि तोच धूर मांसावर बसे. अनेक शौकिनांच्या मते ड्रमची खरी गंमत हीच. नव्या ड्रममध्ये निखारे आणि मांस यांच्यामध्ये एक जाड लोखंडी तवा बसवला आहे आणि त्यावर चरबी झेलणारी पसरट थाळी. उष्ण हवा आणि धूर तव्याच्या कडेने वर येतात, पण चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडत नाही. माझ्या मते या ड्रममधली सगळ्यात मोलाची सुधारणा हीच आहे. झाकणावरचा चकचकीत काटा तिच्यानंतर येतो.

कारण असे. चरबी निखाऱ्यावर जळते तेव्हा पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात पीएएच, या गटातली रसायने तयार होतात आणि धुराबरोबर वर येऊन अन्नाला चिकटतात. त्यातले बेंझो-ए-पायरीन हे रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांस-माशांतली त्याची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून किलोमागे ५ मायक्रोग्रॅमवरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या सूक्ष्म प्रमाणाची दखल घ्यावी लागते, यावरून विषयाचे गांभीर्य लक्षात यावे.

यावरचा उपायही नवा नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मासे धुरावणे हा लाखो कुटुंबांचा, त्यातही बायकांचा, व्यवसाय आहे. तिथल्या माशांत पीएएच जास्त सापडत असल्याने निर्यात अडू लागली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सेनेगलमधील थियारोय येथील मत्स्य प्रशिक्षण संस्थेबरोबर नवी भट्टी तयार केली. तिच्यात मासे आणि निखारे यांच्यामध्ये चरबी झेलणारी थाळी आहे आणि धूर वेगळ्या ठिकाणी तयार करून आत सोडण्याची सोय आहे. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांनीही २००९ मध्ये धुरावण्याच्या प्रक्रियेसाठी जी आचारसंहिता दिली, तिचे सार हेच आहे: चरबी आगीवर पडू देऊ नका, पदार्थ ज्वाळेपासून दूर ठेवा.

आपल्याकडे हे शहाणपण पुस्तकात नव्हते, पण मडक्यात होते. रायगडातली पोपटी आठवा. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी हे सगळे मडक्यात बंद, मडके उलटे आणि जाळ बाहेरून. आच आत पोहोचते, चरबी आगीपर्यंत पोहोचत नाही. आच हवी, आग नको, हे तत्त्व पोपटीने कधीच सिद्ध केले आहे.

“पण चरबी जळाल्याशिवाय चव येत नाही,” असे मालकांचे पाहुणे म्हणतात म्हणे. धुराचा जो वास आपल्याला आवडतो तो मुख्यतः लाकडातल्या लिग्निनपासून तयार होणाऱ्या ग्वायाकॉलसारख्या संयुगांचा असतो. तो तव्याच्या कडेनेही वर येतो. चरबीच्या धुराची एक छटा कमी होते हे मान्य. तेवढी किंमत मोजावी, असे माझे मत आहे.

इथे घाबरवून टाकण्याचा हेतू नाही. २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले गेले, त्यात धुरावलेले मांसही येते. पण रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तो निष्कर्ष होता. ही वाढ मुळातल्या जोखमीवरची आहे आणि ती रोज खाणाऱ्यासाठी आहे. वर्षातून दोनदा कोकणात येऊन दोन तुकडे खाणाऱ्याने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी त्या संध्याकाळपुरते खरे धोके वेगळेच आहेत.

पहिला, कच्चे राहिलेले मांस. झाकणावरचा काटा झाकणाजवळच्या हवेचे तापमान सांगतो, मांसाच्या पोटातले नाही. कोंबडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, टोचणारा थर्मामीटर ७४ अंश दाखवत नाही तोवर ती शिजली असे समजू नये. धुराने वरचा रंग लालसर-तपकिरी होतो आणि तो फसवतो. असा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. माझ्या मते तो ड्रमचाच भाग मानला पाहिजे, आणि या ड्रमसोबत तो नव्हता.

दुसरा धोका बांगड्याचा. बांगडा, कुपा अशा माशांत बर्फाविना राहिल्यास जिवाणू हिस्टामाइन नावाचे द्रव्य तयार करतात. ते एकदा तयार झाले की शिजवून, तळून किंवा धुरावून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणे, अंगावर गांधी, डोके ठणकणे, उलट्या असा त्रास होतो आणि लोकांना ती माशाची अ‍ॅलर्जी वाटते. बंदरावरून आणलेला बांगडा दुपारभर ओट्यावर ठेवून संध्याकाळी ड्रममध्ये टांगला, तर कितीही सुधारित ड्रम त्याला निर्दोष करू शकत नाही.

तिसरा धोका पिंपाचाच. जुन्या बाजारात मिळणारे पिंप आधी कशासाठी वापरले होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. रसायने, रंग, सॉल्व्हंट, काहीही असू शकते. आतून रेझिनचा थर दिलेला असेल तर तापल्यावर तोही जळतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा निखाऱ्यांजवळ नकोच. पिंप नवे, आतून विनाथराचे, किंवा आधी खाद्यतेलासारख्या खाण्याच्या वस्तूचेच असावे, आणि पहिल्या वापरापूर्वी रिकामे असतानाच मोठ्या आचेवर नीट तापवून घ्यावे. मालकांनी या बाबतीत काळजी घेतली होती. पिंप नवे होते.

इथपर्यंत नवा ड्रम बऱ्यापैकी पास झाला. पण तीन तासांत मी ड्रमपेक्षा जास्त वेळ पाहिले ते ड्रमपाशी उभ्या असलेल्या तरुणाकडे. जवळच्याच वाडीतला, हंगामात इथे स्वयंपाकाला येणारा. झाकणाच्या मधोमध धूर बाहेर पडायला वीतभर उंचीची नळी होती, आणि ती बरोबर त्याच्या छातीच्या उंचीवर तोंड उघडत होती. दर वीस-पंचवीस मिनिटांनी तो झाकण उचलून आत डोकावायचा. त्या क्षणी आतला सगळा कोंडलेला धूर त्याच्या तोंडावर यायचा. कोळसा घालायलाही झाकणच उघडावे लागे, कारण खाली दार नव्हते. “खोकला होतो का रे रात्रीचा?” मी विचारले. “सीझनमध्ये होतो जरा. पावसात बरा असतो,” तो सहज म्हणाला. ड्रममुळेच खोकला होतो असे एका वाक्यावरून म्हणता येणार नाही. पण हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नव्हता.

कोळशाविषयी एक गैरसमज घट्ट आहे. त्याचा धूर दिसत नाही, म्हणून तो स्वच्छ. लाकडातला बराचसा वायुरूप होणारा भाग कोळसा करतानाच निघून गेलेला असतो, म्हणून तो कमी धुरकट हे खरे. पण हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात निघतो. आणि स्मोकरची सारी युक्तीच हवा अपुरी ठेवण्याची आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे, आणि उन्हात दमलेल्या माणसालाही हेच होते, त्यामुळे ती ओळखू येत नाहीत. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या.

कोकणात थंडीची भीती नाही, पावसाची आहे. जूनमध्ये सर आली की ड्रम उचलून पडवीत आणायचा आणि वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री सोडायची, हे किती सहज सुचते! तसे करू नये. ताडपत्री लावलेली पडवी ही बंद खोलीच असते. शिवाय कोळसा दमट हवेत ओल धरतो, आणि ओल्या कोळशाचा नि ओल्या लाकडाचा धूर दाट, पांढरा आणि कडू असतो. पावसाळ्यात ड्रमला सुट्टी द्यावी हे उत्तम. विझल्यासारखा दिसणारा ड्रमही रात्री घरात घेऊ नये. राखेखाली निखारे तासन् तास धुमसतात.

आता खुल्या परसात काय? तिथे वायू विरतो हे खरे, पण कायम नाही. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. या दोहोंच्या मध्ये, नेमक्या संध्याकाळच्या वेळी, बहुधा वारा पडतो. पाहुण्यांची खाण्याची वेळ आणि धूर साचण्याची वेळ एकच. वारा आहे असे समजून दुपारी ड्रमची जागा ठरवली, तर संध्याकाळी ती चुकते.

म्हणून माझा मुख्य मुद्दा हा आहे: स्मोकरची परीक्षा खाणाऱ्याच्या जिभेवर नव्हे, त्याच्याशेजारी उभ्या राहणाऱ्याच्या श्वासावर झाली पाहिजे. पाहुणा एकदा खाऊन जातो. ड्रमपाशी उभा राहणारा ऑक्टोबरपासून मेपर्यंत प्रत्येक शनिवार-रविवार, आणि सुट्ट्यांत रोज, चार-चार तास धूर खातो.

असे मोजण्याचे शास्त्र आपल्याच चुलींवर घडले आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीच्या धुराचा अभ्यास केला, तेव्हा मोजण्याचे यंत्र खोलीच्या कोपऱ्यात ठेवण्याऐवजी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावर लावले. धूर किती निघतो यापेक्षा तो माणसाच्या नाकात किती जातो, हा प्रश्न त्यांनी विचारला. पुढे चुलीच्या धुराकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाऊ लागले, त्यामागे असे अभ्यास आहेत. घरातल्या जळणाच्या धुराला कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आहे, आणि दमा, दीर्घकालीन श्वसनरोग, हृदयविकार यांच्याशी सूक्ष्म धूलिकणांचा संबंध तर प्रस्थापितच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पीएम २.५ कणांची दिवसाची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. भारताची मर्यादा ६० आहे.

चुलींसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३१५२ हे मानक आहे. साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीने जळणातली किमान २५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचवावी, आणि पोहोचवलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे ५ ग्रॅमहून जास्त कार्बन मोनॉक्साइड व ३५० मिलिग्रॅमहून जास्त कण सोडू नयेत, असे त्यात आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने चुली आणि कोळशाच्या कांड्यांवर अनेक वर्षे काम केले. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामाला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. म्हणजे गरीब घरातल्या चुलीला आपण मोजमाप लावायला शिकलो आहोत. मग पाहुण्यांकडून पैसे घेऊन चालवल्या जाणाऱ्या ड्रमला ‘मस्त झालंय’ एवढाच शेरा का पुरावा? चुलीचे आकडे स्मोकरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, कारण दोन्हींचे काम वेगळे. पण प्रश्न तेच लागू होतात: जळण किती लागले, वायू किती निघाला, कण किती निघाले आणि ते कुणाच्या नाकात गेले?

रत्नागिरीत हे अवघड नाही. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. मासे टिकवणे, वाळवणे, प्रक्रिया करणे हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग. शहरात तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, त्यांना दरवर्षी प्रकल्पाला विषय हवा असतो. ड्रम करणारे वेल्डर, तो वापरणारे होमस्टेवाले आणि हे विद्यार्थी एकत्र आले, तर एका हंगामात स्थानिक ड्रमची साधी, प्रामाणिक चाचणी होऊ शकते. धुरावलेला मासा कोकणातून बाहेर विकायचे कुणाच्या मनात असेल, तर त्याला अशी चाचणी आज ना उद्या करावीच लागेल.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि फारसे खर्चाचेही नाही. धुराची नळी माणसाच्या डोक्याच्या वर दोन-तीन फूट जाईल इतकी लांब करावी. खाली कोळशासाठी छोटे दार करावे, म्हणजे झाकण उघडायची वेळ कमी येते. मांसात टोचलेल्या थर्मामीटरची तार झडपेतून बाहेर काढली, तर डोकावण्याचे कारणच उरत नाही. झाकण उचलायचेच असेल तर आधी मागची कड उचलावी आणि तोंड बाजूला करावे. कोळसा पेटवताना रॉकेल नको. करवंटीचा कोळसा आपल्याकडे मिळतो, घट्ट असतो आणि सावकाश जळतो, पण तोही कोरडाच हवा. वासासाठी आंब्याचे वाळलेले लाकूड चालेल. रंगवलेले, प्लायवूडचे तुकडे कधीच नकोत. आणि काजूची टरफले तर नकोच नको. त्यातले तेल जळाले की निघणारा धूर कातडी नि डोळे कसे पोळतो, हे मे महिन्यात बिया भाजलेल्या प्रत्येक कोकणी पोराला ठाऊक आहे. ड्रमपाशी एकालाच उभे करू नये, पाळ्या लावाव्यात. रुमाल बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत. एन-९५ मास्क ते अडवतो, पण कार्बन मोनॉक्साइड तोही अडवत नाही.

शेवटी मालकांच्या प्रश्नाचे उत्तर. नवा ड्रम जुन्यापेक्षा नक्कीच बरा. मधला तवा आणि चरबीची थाळी यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन, आणि कुणी नवा करून घेत असेल तर या दोन गोष्टींशिवाय घेऊ नये असे सांगेन. पण ही सुधारणा खाणाऱ्याच्या बाजूने झाली आहे. उभे राहणाऱ्याच्या बाजूने अजून काहीच झालेले नाही, म्हणून माझ्या लेखी तो निम्माच सुधारलेला आहे. उरलेली निम्मी सुधारणा म्हणजे चार फूट नळी, एक दार आणि एक थर्मामीटर.

हे सगळे मी मालकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्या तरुणाला हाक मारली, “नळी कितीपर्यंत वर न्यायची, तूच उभा राहून खूण कर बघू.” त्याने हात डोक्याच्याही वर, जाईल तितका उंच नेला. ड्रम पुन्हा वर्कशॉपमध्ये नेण्यापूर्वी याच उंचीची खूण करून ठेवायला हवी.